समुद्रकोळ्याला गोदावरीचं तीर्थ

आजही कोणी नव्या यंत्रावर नाहीतर नव्या गाडीवर हळदीकुंकू वाहायला लागलं, की मी तिथून उठून जाते. लोकांना वाटतं, बाई नास्तिक आहे. मी नास्तिकबिस्तिक काही नाही. सोमवार करते, गणपती बसवते, दारात रांगोळी काढते. पण काय कुठे ओतावं आणि काय कुठे ओतू नये, एवढी अक्कल देवानेच माणसाला दिली आहे, आणि माणसं ती घरी ठेवून कार्यक्रमाला येतात, याचा मला संताप येतो. या रागाला आता पुष्कळ वर्षं झाली. तो शिळा होत नाही.

तेव्हा मी नाशकातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शिकवायची म्हणजे तासिकेवर. कायमच्या लोकांनी नको म्हटलेले तास माझे, प्रॅक्टिकलची धुणीभांडी माझी, आणि सहलीला पोरांना घेऊन जाणं तर माझंच, कारण बाकीच्यांच्या कंबरा दुखायच्या. कुंभमेळा नुकताच होऊन गेला होता. घरोघरी रामकुंडाच्या पाण्याचे सीलबंद गडू होते. आमच्याही देव्हाऱ्यात होता.

नवरा अंबडच्या एका कारखान्यात. मुलगी झाली तेव्हा आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली. मी सकाळी कॉलेजला निघाले की तो कामावरून आलेला असायचा. अंघोळ करून पोरीला घ्यायचा, तिला भरवायचा, धुवायचा, आणि ती झोपली की स्वतः तिच्याशेजारी तेवढाच आडवा व्हायचा. गच्चीवर लंगोट वाळत घालताना समोरच्या बायका त्याला विचारायच्या, आज स्वयंपाकाला काय केलं वहिनी? तो हसायचा आणि मेनू सांगायचा. माझं डोकं सणकायचं. मी म्हणायची, तू चांगलं ऐकव की एकदा. तो म्हणायचा, जाऊ दे गं, त्यांना तेवढीच करमणूक.

सासूबाई सायखेड्याच्या. महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या, चार दिवस राहायच्या आणि जाताना ठेवणीतलं एक वाक्य सोडून जायच्या. त्या खेपेला म्हणाल्या, "बाई, असं कुठंच नाय. जनावरातबी नाय. पिल्लू हाय ते आईनंच सांभाळायचं असतं." नवरा तेव्हा पोरीच्या तोंडात मऊ भात घालत होता. त्याने मान वर केली नाही. मी दातओठ खाल्ले आणि गप्प बसले, कारण सासूबाईंना उत्तर देणं म्हणजे चार दिवसांचे आठ दिवस करणं.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत मुरुडच्या अलीकडे एका खडकाळ किनाऱ्यावर मला तो सापडला.

आमच्या नाशकात सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची. त्यांनी समुद्रातला प्राणी पाहिलेला असायचा तो बरणीतला, आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत काही वर्षं राहिलं की तारामासा काय आणि खेकडा काय, सगळे उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे होतात. म्हणून दरवर्षी एक सहल. ओहोटी लागली की पोरांना खडकांवर सोडायचं. दगड उलटा, बघा, आणि उलटलेला दगड परत होता तसा ठेवा, हे मी घसा फोडून सांगायची.

पेठकडची एक मुलगी ओंजळीत शेवाळाचा पुंजका घेऊन आली. ते शेवाळ नव्हतंच. नुसतं झुडपासारखं दिसतं, पण असतात ते बारीक बारीक प्राणी, खडकाला चिकटून वाढलेले. तिला वाटलं त्यात काहीतरी हलतंय. मी भिंग लावलं आणि खडकावर तशीच ओल्यात बसकण मारली. समुद्रकोळी! पुस्तकात मी त्याची आकृती किती वेळा काढली होती, जिवंत कधी पाहिला नव्हता.

पाय पसरले तर रुपयाच्या नाण्यात मावेल, एवढासा. रंग फिकट पिवळा, आरपार दिसेल असा. नाव कोळी, पण घरातल्या कोळ्याशी त्याचं नातं लांबचं, आणि जाळं तर तो विणतच नाही. अंग म्हणाल तर नाहीच. काडेपेटीतली काडी मोडावी एवढं धड आणि त्याला आठ लांब पाय. मागे पोट म्हणून जे असायला हवं तिथे नुसता एक खुंट. मग आतडी कुठे ठेवायची? तर पायांत. आतड्याच्या फांद्या प्रत्येक पायात उतरलेल्या असतात. मादीची अंडीसुद्धा पायांतच पिकतात, मांडीच्या भागात. फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत. पाणी अंगाला लागतं, त्यातला प्राणवायू कातडीतूनच आत जातो. मानेवर एक टेंगूळ आणि त्यावर चार डोळे, चार दिशांना. पुढे एक सोंड. ज्या झुडपावर राहायचं त्याच झुडपाला सोंड लावून रस ओढायचा आणि सावकाश पुढे सरकायचं. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकांपासून थेट खोल काळोख्या समुद्रापर्यंत ही मंडळी राहतात. उड्या नाहीत, धावाधाव नाही. इतका गरीब प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि आमच्या या गड्याच्या अंगाखाली गोळे होते. साबुदाण्यापेक्षाही लहान, पांढुरके. अंडी.

पोरांना वाटलं मादी. कोणालाही तसंच वाटेल. मी त्यांना गोल बसवलं आणि सांगितलं. समुद्रकोळ्यांत मादी अंडी घालते आणि आपल्या वाटेने जाते. अंडी बाहेर येता येताच नर ती फळवतो. चालायच्या आठ पायांशिवाय त्याला खाली आणखी एक बारीक जोडी असते, तिने ती गोळा करतो. त्याच्या मांड्यांत चिकट रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. त्या रसाने अंड्यांचे गोळे बांधतो, त्या जोडीला बांगड्यांसारखे अडकवतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंगाखाली वागवत फिरतो. कधी एकीची, कधी दोघीतिघींची. ही माझी, ती कोणाची, असा हिशोब तो करत नाही. मुलगे खिदळले. एकाने विचारलं, मॅडम, मग बायको माहेरी गेली म्हणायची का? पेठची मुलगी मात्र भिंग सोडायला तयार नव्हती.

मला त्या क्षणी सायखेड्याच्या सासूबाई आठवल्या. जनावरातबी नाय म्हणे! मी ठरवलं, हा जिवंत नाशकात न्यायचा आणि नवऱ्याला दाखवायचा. शिकवण्यासाठी तर न्यायचाच होता, ते खोटं नाही. पण खरं सांगते, मला माझ्या नवऱ्याला भिंगाखाली हा बाप दाखवायचा होता. तुला हसणाऱ्या सगळ्या जगापेक्षा जुनी रीत आहे ही, बघ, असं म्हणायचं होतं.

वीस लिटरच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरलं. झुडपासकट तो एका मोठ्या तोंडाच्या बरणीत. परतीच्या वाटेवर ती बरणी पूर्णवेळ माझ्या मांडीवर होती. कसाऱ्याचा घाट चढताना पाणी डचमळलं की माझा जीव वर यायचा. बसने मला नाशकात द्वारका चौकात उतरवलं. नवरा स्कूटर घेऊन उभा होता, पोरगी त्याच्या छातीशी माझ्या जुन्या सुती साडीने बांधलेली, गाढ झोपलेली. द्वारकेच्या चौकात रिक्षावाले त्याच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारत होते. त्याने बरणीकडे बोट करून विचारलं, हेच का ते पाहुणे? मी म्हटलं, हेच. पण इथे काही दिसायचं नाही, रविवारी लॅबमध्ये ये, तोवर अंडी फुटतील.

कारण ती फुटायच्या बेतात होती. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अंड्यांच्या आत काहीतरी आकाराला आलेलं दिसत होतं. यांचं पिल्लू बाहेर येतं ते तीनच जोड्या पायांचं, बापासारखं मुळीच नाही. बाकीचे पाय मागाहून फुटतात. हे आमच्या विभागात कोणी म्हणजे कोणीच पाहिलेलं नव्हतं. मी काचेची छोटी टाकी मांडली, हवेचा पंप लावला, टाकीवर काळं कापड घातलं. वर्गाला शब्द दिला, सोमवारी पिल्लं दाखवते.

आमच्या विभागप्रमुखांना हे कळलं आणि घात झाला. ते तसे वाईट गृहस्थ नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी लॅबमध्ये येऊन टाकीत डोकावून पाहिलं, खूश झाले, आणि म्हणाले, "मॅडम, याचं उद्घाटन करू." मी म्हटलं, सर, याचं कसलं उद्घाटन, तो काही पंखा नाही. पण संस्थेचे एक विश्वस्त शनिवारी कॉलेजात यायचेच होते. त्यांना दाखवायला विभागात दुसरं काही नव्हतं. फक्त दर्शन, असं सर म्हणाले. मी स्पष्ट बजावलं, हळदीकुंकू काचेला बाहेरून लावा, फूल टाकीच्या बाजूला ठेवा, पाण्यात काहीही जाता कामा नये. गोडं पाणी तर थेंबभर नको. समुद्रातल्या असल्या प्राण्याच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं. बाहेरचं गोडं झालं की ते कातडीतून आत शिरतं आणि प्राणी फुगून मरतो. सर म्हणाले, अहो मॅडम, मला काय शिकवता, मीही प्राणिशास्त्राचाच.

प्राणिशास्त्राचेच होते ते! त्याचंच तर मला जास्त लागलं.

शनिवारी लॅबच्या दाराला झेंडूचं तोरण. टाकीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, तेवढं बाहेरून. सनई लावलेली. विश्वस्तांबरोबर त्यांच्या सौभाग्यवती, त्यांच्या दोन मैत्रिणी, आणि कॉलेजातला जो जो रिकामा होता तो तो. विश्वस्तांनी भिंगातून पाहिलं. त्यांना ते गोळे दिसले मात्र. त्यांनी तिथेच भाषण सुरू केलं. बघा मंडळी, मुक्या प्राण्यातसुद्धा मातेचं हृदय कसं असतं, पिल्लं पोटाशी घेऊन ही माऊली कशी बसली आहे, आणि आजकालच्या काही भगिनी मात्र पोरं दुसऱ्यांवर टाकून घराबाहेर पडतात. असं बरंच. सर मान डोलावत होते. सगळं माहीत असून डोलावत होते.

मला राहवलं नाही. मी मागून म्हणाले, "साहेब, तो बाप आहे."

सनई चालूच होती. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि त्याबरोबर सगळी लॅब हसायला लागली. मैत्रिणींपैकी एक म्हणाली की मेल्याला बायकोने चांगलंच कामाला लावलेलं दिसतंय. विश्वस्तही हसले, मोठ्या मनाने मला माफ केल्यासारखे. आणि हसता हसताच त्यांनी खिशातून गडू काढला. कुंभाच्या पर्वणीचं तीर्थ. म्हणाले, गोदामाई शेवटी सागरालाच मिळते, आज ती इथेच मिळू दे.

अहो, गोदावरी मिळते बंगालच्या उपसागराला! हा प्राणी अरबी समुद्रातला! पण भूगोल कोणाला सांगायचा? मी माणसं ढकलत पुढे निघाले तोवर गडू उपडा झाला होता. सरांनी माझा दंड धरला, "मॅडम, जरा सबुरीनं, दोन थेंबांनी काय होतं." दोन थेंब! सौभाग्यवतींच्या हातात पंचामृताची वाटी होती. दूध, दही, तूप, मध, साखर. नैवेद्य दाखवायचा तो देवाला, पण टाकीतला आता देवच झाला होता. त्यांनी पळी भरून सोडली. मैत्रिणींनी एकेक सोडली. मग स्टाफरूमच्या बायकांनी. रांग लागली हो, रांग! मी ओरडत होते आणि सनईवाली टेप माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती. टाकीतलं पाणी ताकासारखं झालं तेव्हा टाळ्या वाजल्या.

लोक पेढे खायला गेले तशी मी टाकीवर झडप घातली. माझ्याकडे कॅनमध्ये अर्ध्याहून जास्त समुद्राचं पाणी राखून ठेवलेलं होतं, त्याच्या जिवावर मी अजून उभी होते. कॅन जागेवर नव्हता. तो व्हरांड्यात होता, घासूनपुसून लख्ख केलेला, आणि त्यात पाहुण्यांसाठी वाळ्याचं सरबत होतं. पाण्याला वास येत होता म्हणून ओतून दिलं, असं मला सांगण्यात आलं. कोणाचा राग करायचा? ज्याने ओतलं त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं ते पेढे खात होते.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून खडेमीठ आणलं, मोजून पाण्यात विरघळवलं, खारटपणा तपासला, त्याला त्यात हलवलं. मिठाचं पाणी म्हणजे काही समुद्र नव्हे, हे मला माहीत होतं. त्याचे पाय दुधातुपाने माखले होते. जो प्राणी सगळ्या अंगाने श्वास घेतो त्याला तुम्ही तूप फासलंत! मी बारीक ब्रशने एकेक पाय पुसत बसले. तो अजून हलत होता. झुडपाचा पुंजका मात्र मलूल होऊन आक्रसला होता. अंधार पडू लागला तशी कुलूप लावायची वेळ झाली आणि मला तिथून बाहेर काढलं गेलं. सर जाता जाता म्हणाले, कार्यक्रम छान झाला.

रविवारी ठरल्याप्रमाणे नवरा आला. रात्रपाळी करून, न झोपता, स्वच्छ शर्ट घालून आला होता. पोरीला नवा फ्रॉक. मी आधीच पोचले होते आणि मला सगळं दिसलं होतं. घरी मी आदल्या संध्याकाळी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तो कामावर निघायच्या घाईत होता, आणि मला अजून वेडी आशा होती.

त्याला पाहून मी रडायलाच लागले. रडत रडत, शिव्या देत देत त्याला सगळं सांगितलं. गडू, पंचामृत, सरबत, सगळं. तो पोरीला कडेवर घेऊन ऐकत होता. मग म्हणाला, दाखव तरी. मी काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आठही पाय आत वळलेले. पण खालच्या त्या बारीक जोडीची पकड तशीच होती, एकही गोळा सुटला नव्हता. एका गोळ्याला मी सुई लावून पाहिली, निघेना. आतली पिल्लंही हलत नव्हती.

नवऱ्याने बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला. पोरगी त्याचे केस ओढत होती. डोळा न काढता त्याने विचारलं, "तू म्हणालीस ना तो बाप आहे म्हणून, तेव्हा ते हसले?"

मी म्हटलं, हसले.

"मला हसतात तसेच?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. गच्चीवरच्या बायका, द्वारकेचे रिक्षावाले, त्याची स्वतःची आई, या सगळ्यांपुढे हा माणूस हसत उभा राहिला होता आणि मी समजून चालले होते की याला काही लागत नाही. मी म्हणाले, "हो. तसेच."

"मग तो बापच होता," तो म्हणाला आणि पोरीला भिंगापाशी वाकवून तिला ते सगळे गोळे दाखवायला लागला.